पडदा हलत होता

त्या लॅपटॉपला मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या आजवर एकाही माणसाला घातल्या नसतील. आणि माणसांच्या बाबतीत मी हात आखडता घेते असं अजिबात नाही. बस स्टँडवर उद्घोषणा करते मी. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून प्रवाशांना सांगायचं, आणि माइक बंद केला की ती उशिरा का लागली ते ड्रायव्हरला विचारायचं. स्टँडवर मला भोंगा म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते त्यांनाच ठाऊक.

लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा, बारक्याचा. नावालाच बारक्या. दारातून आत येताना मान वाकवावी लागते त्याला. कॉलेजात असताना त्याने तो कुणाचा तरी वापरलेला घेतला होता, म्हणजे आता तो जुन्यातला जुना झाला होता. चालू केला की आतला पंखा असा घरघरायचा, की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मिक्सर कुणी लावला?" थोड्या वेळात खालची बाजू इस्त्रीसारखी तापायची, चित्र रखडत रखडत चालायचं, आणि मग एकदम अंधार. मेलाच. आणि जिवंत असायचा तेवढा वेळ वायफाय टिकायचं नाही. आता आहे, आता नाही. असल्या वस्तूला घरात ठेवून घेतो आणि माणसांना मात्र आपण एका चुकीवर घालवून देतो, असं मी आईला म्हटलंसुद्धा. आई म्हणाली, "तुला कुठे घालवलंय अजून?"

एरवी मी तो भंगारात देऊन मोकळी झाले असते. पण बारक्याची मुलाखत एका दिवसावर आली होती, आणि ती लॅपटॉपवरच व्हायची होती. नवीन आणायची ऐपत नव्हती, उसना आणावा तर त्याची सगळी ड्रॉइंग याच्यातच.

लिफ्ट बनवणारी कंपनी होती. त्यांना ड्रॉइंग करणारा माणूस हवा होता, आणि ड्रॉइंगमध्ये आमच्या बारक्याचा हात धरणारा कुणी नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. दोन फेऱ्या तो पार करून बसला होता. पहिल्या फेरीत नेट इतकं अडकलं की त्यांनी शेवटी प्रश्न लिहून पाठवले आणि याने उत्तरं टाइप केली. दुसऱ्या फेरीत दरवाज्याचं एक ड्रॉइंग करायला दिलं, ते त्यांना पसंत पडलं. आता तिसरी. मुख्य इंजिनीअर बाई स्वतः बोलणार होत्या. त्यांनी आधीच कळवलं होतं, की या वेळी कनेक्शन नीट करून घ्या, प्रत्यक्ष बोलणं झाल्याशिवाय आम्ही कुणाला घेत नाही, आणि पुन्हा वेळ बदलून मिळणार नाही.

ही नोकरी त्याला मिळायलाच हवी होती. आधीच्या ऑफिसातल्या साहेबाने, त्याचं वाटोळं होवो, बारक्याला ड्रॉइंगवरून उचलून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं होतं. मुद्दाम. सगळ्यांची करमणूक म्हणून. बारक्याने नोकरी सोडली आणि घरी बसला तो बसलाच. आधी दाढी वाढली, मग जेवायला उशिरा येऊ लागला, मग बोलणंच कमी झालं.

कारण बारक्या अडखळतो. माझ्यासमोर दुसरा कुठला शब्द वापरू नका, मी ऐकून घेणार नाही. अडखळतो. लहानपणापासून. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. आमच्या घरात यावर एक तोड निघाली आहे, कुणी बसून ठरवलेली नाही. त्याने तोंड उघडलं की वाक्य आम्ही पुरं करायचं. त्याने 'प' म्हटलं की आईने पाणी पुढे करायचं. मला तर पहिलं अक्षरही लागत नाही, मी भुवईवरूनच ओळखते. कधीकधी चुकतं. एकदा दुकानात तो निळा शर्ट मागत होता, 'न'वर अडकला, तर मी दुकानदाराला सांगितलं, "नको म्हणतोय तो," आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. तो शर्ट आज कुणा दुसऱ्याच्या अंगावर असेल. बारक्या काही बोलला नाही. बोलला असता तरी मीच पुरं केलं असतं.

तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी रजा टाकली, लॅपटॉप बगलेत मारला आणि लॅपटॉपवाल्याच्या दुकानात जाऊन आदळला.

"नवीन घ्या," तो वर न बघताच म्हणाला.

"तुम्हाला दुकानात दुरुस्तीला बसवलंय की विकायला?"

त्याने वर बघितलं. मग मुकाट्याने स्क्रू काढायला लागला. मागची पाटी निघाली आणि मला माझीच लाज वाटली. पंख्याच्या तोंडाशी धुळीचं जाडजूड घोंगडीसारखं काहीतरी बसलं होतं, आणि त्यात पांढरे केस.

"मांजर आहे घरी?"

"आई आहे," मी म्हटलं.

आई दुपारी त्याच खोलीत केस विंचरते. शिवाय लॅपटॉपला ओरखडे पडू नयेत म्हणून ती तो उशीवर ठेवते, खाली घडी घातलेला टॉवेल घालून. लॅपटॉपवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. हवा खालून आत जाते, उशीने ती वाटच बुजते, मग आतली चिप भाजून निघते आणि स्वतःला वाचवायला लॅपटॉप आपणहून बंद होतो, असं त्याने समजावलं. चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये एक पेस्ट असते, तीही वाळून खडखडीत झाली होती. त्याने ती खरवडली, नवीन लावली, ब्रशने पंखा साफ केला. मी डोक्यावर उभी राहून प्रत्येक स्क्रू मोजून घेत होते.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसलात तर लवकर होईल."

"मी इथेच बरी आहे. वायफायचं बघा."

त्याने दुकानातलं वायफाय लावून दाखवलं. धडधडीत चालत होतं. "यात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "घरचा डबा कुठे ठेवलाय ते बघा. लोक लोखंडी कपाटातसुद्धा ठेवतात. मग बाहेर काय येणार, डोंबल?"

आम्ही काय एवढे हे आहोत का, असं म्हणून मी निघाले. घरी येऊन भांडी निथळायची जाळी धुऊन पुसून बारक्याच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवला. खालून वारा खेळता. चालू केला तर पंख्याचा आवाजसुद्धा नाही. तळाला हात लावून बघितला, गार. आई म्हणाली, "माझी जाळी!" मी म्हटलं, "तुझी उशी, तुझे केस. जाळीचं बोलू नकोस."

मग वायफायचा डबा शोधायला गेले. बाहेरच्या खोलीत खिडकीत असायचा, तिथे नव्हता. वायर होती. वायर खिडकीतून खाली उतरली होती, भिंतीच्या कडेकडेने गेली होती आणि लोखंडी कपाटाच्या दाराच्या फटीतून आत शिरली होती. दार उघडलं. थंडीच्या घोंगड्यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी नीट दाबून बसवलेला, आमचा डबा. बिचारा आतल्या आत लुकलुकत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वस्तू आत टाकण्यात आईचा हातखंडा आहे. रिमोट डाळीच्या बरणीमागे सापडलाय, माझं ओळखपत्र रफूच्या डब्यात.

"आई! अगं पोराची नोकरी जायची वेळ आली आणि तू डबा कपाटात कोंडलास?"

"मी? मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय त्याला पाय फुटले?"

"फुटले असतील! या घरात काहीही झालं की माझ्याच नावाने खापर!"

आमची चांगलीच जुंपली. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे आमचा नीट ऐकू यावा. बारक्या आपल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने हात वर केला आणि तोंड उघडलं.

"ता... ता..."

"तापतो म्हणून आत ठेवला असेल तिने, माहितीये मला," मी म्हटलं. "तू नको तिची बाजू घेऊस. जा, दाढी कर."

त्याने हात खाली घेतला. मग दाढी करायला गेला.

मी डबा बाहेर काढला, पुसला, खिडकीत उंच ठेवला आणि आईला बजावलं, की उद्या संध्याकाळपर्यंत याला जो हात लावेल त्याचा हात जागेवर राहणार नाही. आई रुसून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच जोराने लावू लागली.

संध्याकाळी आम्ही तालीम घेतली. म्हणजे मीच ठरवली. बारक्याला त्याच्या खोलीत दार लावून लॅपटॉपसमोर बसवलं, आणि मी माझ्या खोलीतून मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. मी इंजिनीअर बाई. गुळगुळीत दाढी केलेला, केस विंचरलेला बारक्या पडद्यावर दिसला आणि जीव भांड्यात पडला. चित्र आरशासारखं स्वच्छ.

"नमस्कार," मी बाईंच्या आवाजात म्हटलं. "आपली ओळख करून द्या."

बारक्याने मान हलवली, ओठ उघडले, आणि अडकला. चित्रच अडकलं. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले, आवाज नाही. मी थांबले. हॅलो, हॅलो केलं. काही नाही.

"गेलं! परत गेलं! मुडदा बशिवला याचा!"

कॉल कापला. धावत जाऊन डबा बंद केला, चालू केला, परत लावला. ओळख करून द्या. परत तेच. तोंड उघडं, डोळे मिटलेले. आता मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. नेटवाल्या कंपनीला फोन लावला. तिथे एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, की आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे मॅडम. मी तिला सांगितलं, गोड आवाजात खोटं कसं बोलायचं ते मला शिकवू नकोस, मी रोज माइकवर तेच करते. मग लॅपटॉपवाल्याला फोन लावला. तो जेवत होता.

"ताई, स्पीड मोजून बघा," तो घास चावत म्हणाला. मोजला. त्याने आकडा ऐकला आणि म्हणाला, "एवढ्या स्पीडमध्ये अख्खी गल्ली सिनेमा बघेल. नेट अडकत नाहीये."

"माझ्या डोळ्यांना दिसतंय अडकलेलं!"

"मग डोळे तपासा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. माझा फोन! माझा फोन कुणी ठेवत नाही, मी ठेवते.

परत कॉल लावला. "ओळख करून द्या," मी दातओठ खात म्हटलं. बारक्या अडकला. मी मोबाइल भिंतीवर मारायला हात उचलला. आणि उचललेल्या हातातच मला ते दिसलं.

त्याच्या मागे खिडकी होती. खिडकीला निळ्या चौकड्यांचा पडदा होता. तो पडदा हलत होता.

वाऱ्याने फुगत होता, परत खाली बसत होता. त्याच्यापुढे बारक्या तसाच, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मी मोबाइल जवळ घेतला. त्याच्या गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. पडदा पुन्हा फुगला, पुन्हा बसला. पुन्हा फुगला. आणि मग बारक्याच्या तोंडून हळूच बाहेर पडलं, "मा... माझं नाव..."

मी खाटेवर बसले. नेट कधीच अडकलं नव्हतं. माझा सख्खा भाऊ, जन्मापासून माझ्या डोळ्यांसमोर असलेला, शब्द येईपर्यंत किती वेळ आत झुंजतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कशी? त्याच्या आधी मी बोललेली असायचे. आणि मग मला दुसरी गोष्ट कळली, आणि राग परत आला. मी उठून तरातरा त्याच्या खोलीत गेले.

"डबा कपाटात तू ठेवलास."

त्याने मान हलवली. हो.

"मूर्खा! आईला मी नाही नाही ते बोलले! अरे, पण का? पहिल्या फेरीत त्यांना वाटलं नेट अडकतंय, म्हणून तू..."

त्याने टेबलावर असा हात आपटला, की जाळी आणि लॅपटॉप दोन्ही उडाले. आमचा बारक्या, जो मांजराला हाकलताना 'जा' म्हणायलाही लाजतो.

"पु... पुरं... करू नकोस."

मी तोंड मिटलं. खरं सांगते, दुखलं. जीभ दातांखाली धरून उभी राहिले. आणि तो बोलला. किती वेळ लागला ते मी नाही सांगणार, ते त्याचं आहे. पहिल्या फेरीत तो अडकला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला होता, तुमचं नेट गंडलंय वाटतं. याने मान हलवली. तो माणूस चिडला. नेटवर चिडला, लॅपटॉपवर चिडला, म्हणाला हे सगळीकडे असंच असतं. बारक्यावर चिडला नाही. त्याच्याकडे 'अरेरे'च्या नजरेने बघितलं नाही. घाईने त्याचा शब्द त्याच्या तोंडातून ओढून घेतला नाही.

"नेटची... की... कीव करत नाही कुणी, ताई," बारक्या म्हणाला. पहिल्या फेरीच्या संध्याकाळीच त्याने डबा कपाटात ठेवला होता. आज मी आईशी भांडत होते तेव्हा तो हेच सांगायला दारात आला होता. "ता..." म्हणजे ताई. आणि मी त्याला दाढी करायला पिटाळलं होतं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "अरे गाढवा, पण उद्या बोलणं झालं नाही तर त्या घेणार नाहीत तुला!"

"झालं... तरी... नाही घेणार."

दिवसभर मी भांडून भांडून जे दुरुस्त केलं होतं, ते त्याचं पांघरूण होतं, आणि ते मी ओढून काढलं होतं. मी बाहेर गेले, खिडकीतला डबा उचलला आणि कपाटाचं दार उघडलं. "ठेवते परत," मी म्हटलं. "मी कुणाला सांगणार नाही. आईला पण नाही. अडकू दे नेट. परत लिहून विचारतील." त्याने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि जेवायला बसला. मी डबा परत खिडकीत ठेवला, पण कपाटाचं दार उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप जाळीवर गार होता. वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. बारक्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि दार ओढून घेतलं, कडी न लावता. मी खिडकीपाशी उभी राहिले, डब्याच्या बटणावर बोट ठेवून. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. तो अडकला की मी बटण दाबणार. त्या साहेबासारखं कुणी त्याला हसायच्या आत नेट मरायला हवं. एवढं तर मी करू शकत होते. आई शेजारी येऊन उभी राहिली. तिला सकाळी मी सगळं सांगितलं होतं, माझ्या पोटात काय राहतंय.

आतून बाईंचा आवाज आला. करडा होता, कामाच्या बाईचा. "नमस्कार. तुमचं दरवाज्याचं ड्रॉइंग माझ्यासमोर आहे. खालची पट्टी तुम्ही रुंद का घेतली, ते सांगा."

शांतता.

स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. मला ठाऊक होतं आत काय चाललंय. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली. आणि मागे पडदा.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "ऐकू येतंय का? तुमचं नेट अडकलंय बहुतेक."

आईने माझा दंड धरला. "दाब ना," ती कुजबुजली. "दाब."

"ने..." आतून आलं. "ने..."

मी मनातल्या मनात पुरं केलं. नेट अडकलंय, मॅडम. बोट खाली जायला लागलं. त्याचं म्हणणं खरं करायचं होतं मला.

"ने... नेट ठीक आहे," बारक्या म्हणाला. मोठ्याने. मग पुन्हा एक लांबलचक थांबा, आणि मग, "अ... अडकतो तो मी. थोडं... थांबावं लागेल."

आतून कागद सरकवल्याचा आवाज आला. मग त्या त्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "बरं. थांबते. खालच्या पट्टीचं सांगा."

मी बटणावरून बोट काढलं.

"ख... खा..." आत बारक्याने सुरुवात केली. आईला राहवेना. तिचे ओठ हलले, शब्द तिच्या तोंडातून निघालाच होता. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप्प," मी म्हटलं. "बोलतोय तो."